पिंपावरचा नारळ

तुमच्या कारखान्यात, शाळेत किंवा कचेरीत ज्या पिंपातलं पाणी तुम्ही रोज पिता, ते पिंप आतून शेवटचं कुणी पाहिलं?

उत्तराची घाई करू नका. मी बाहेरून म्हणत नाही. बाहेरून ते रंगवलेलं असेल, त्यावर स्वस्तिकही काढलेलं असेल. आतून, म्हणजे झाकण काढून, मान वाकवून, तळाशी काय साचलं आहे ते कुणी पाहिलं? हा प्रश्न मला एका बाईने विचारला होता. मी तिला उत्तर दिलं नाही, व्याख्यान दिलं. त्या व्याख्यानातला शब्द न् शब्द मला आठवतो.

तिचं नाव हौसाबाई. पिंपरीजवळ, मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या एका लांबलचक शेडमध्ये जुन्या बाटल्या धुण्याचं काम चाले. पुण्यातून, छावणीतून, दवाखान्यांतून बाटल्यांची पोती येत. बायका त्या सोड्याच्या गरम पाण्यात धूत, पुरुष पोती उचलत आणि भट्टी सांभाळत. धुतलेल्या बाटल्या औषधवाल्यांकडे जात. मी फाटकाशी टेबल टाकून हजेरी लिहीत असे. वय बावीस. खिशात नेहमी एखादं पत्रक, छापलेलं किंवा छापायचं. मी पत्रकांवरच वाढलो. जगातल्या प्रत्येक दुःखाला एक शत्रू असतो आणि तो नेहमी समोरच्या बाजूला उभा असतो, असं मला तेव्हा अगदी पक्कं ठाऊक होतं.

हौसाबाई चाळिशीची असेल. उंच, हाडकुळी. सोड्याने तिचे हात कोपरापर्यंत पांढुरके पडले होते, बोटांच्या पेरांना भेगा होत्या. चालताना ती हात अंगापासून जरा दूर धरी, जणू ते तिचे नव्हेत, कुणी सांभाळायला दिले आहेत. माहेर चऱ्होलीचं, सासर पिंपरी गावातलं. नवरा केव्हाच वारलेला. घरात ती आणि सतरा वर्षांची मुलगी सुली. दोघी एकाच शेडमध्ये, सोड्याच्या पाण्याच्या एकाच डोणीवर बाटल्या धूत. सुली सारखी काहीतरी गुणगुणत असे आणि आई सारखी काहीतरी पुसत असे.

माझी तिची ओळख पेन्सिलीवरून झाली. माझ्या टेबलाला दोरीने एक जांभळी पेन्सिल बांधलेली असे. तिचं टोक ओलं केल्याशिवाय ती उमटत नसे, म्हणून मी ते जिभेला लावायचो. ज्यांना सही येई तेही जिभेला लावायचे. एके सकाळी हौसाबाई टेबलासमोर थांबली आणि पुढे जाईना.

"दादा, ही पेन्सिल किती जणांच्या तोंडात जाती?"

"म्हणजे?"

"मी उभी हाय तवापास्नं मोजतीया. पाच झाले. सहावं तुमी."

मागची रांग हसली. मुकादम ओरडला, "ए हौसे, पेन्सिलीचं काय लगीन लावतीस का काय? चल आत!" ती आत गेली. पण दुपारी माझ्या टेबलावर पत्र्याच्या डबीत ओल्या चिंधीचा बोळा आला. टोक त्यावर टेकवायचं. दर शनिवारी ती जुना बोळा घेऊन जाई आणि उकळलेला नवा ठेवी. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, मीही कधी आभार मानले नाहीत.

सगळे तिला घाबरट म्हणत. ती होतीच. लोक सापाला भितात, मसणवटीला भितात. हौसाबाई दाराच्या कडीला भीत असे. विहिरीच्या दोराला, मोरीतल्या पाय घासायच्या वज्रीला, पाळण्याच्या दोरीला, माठाच्या कडेच्या आतल्या अंगाला. ज्याला सगळे हात लावतात आणि जे कुणीच धूत नाही, अशा प्रत्येक वस्तूला. शेडमध्ये धुतलेल्या बाटलीचं तोंड शेवटी फडक्याने पुसायचं अशी रीत होती. ते फडकं दिवसभर एकच. दुपारपर्यंत त्याला आंबूस वास येई. हौसाबाई मध्येच उठून फडकं सोड्याच्या कढईत टाकी आणि काठीने ढवळत उभी राही.

"बाटल्या धू की! फडकं कसलं धुतीस?" मुकादम म्हणे.

"समद्यास्नी ह्ये पुसतं," ती म्हणे, "ह्येला कोन पुसणार, मुकादम?"

एकदा एका कागदावर अंगठा हवा होता म्हणून मी तिच्या घरी गेलो. एक खोली, पुढे पडवी. दाराची कडी राखेने घासून अशी लख्ख केली होती की मोडकळीला आलेल्या जुन्या दारावर ती परकी वाटत होती. हात धुतल्याशिवाय तिने मला आत बसू दिलं नाही. सुली चूल फुंकता फुंकता म्हणाली, "दादा, जरा जपून. आमची आय देवाला बी साबन लावती. खंडोबाचा टाक एवढा घासला, एवढा घासला, की त्येचं नाकच गेलं."

"गप गं," हौसाबाई म्हणाली, पण हसली. मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच.

माठावर झाकण, झाकणावर लांब दांड्याचं ओगराळं. मी तहानेने पेला घेऊन थेट माठाकडे वळलो, तर तिने माझं मनगट धरलं. घट्ट. 

"बोटं बुडवू नगा."

मी चिडलो. म्हणालो, "माझा विटाळ होतो का काय तुमच्या पाण्याला?"

ती गोंधळली. मग हळू आवाजात तिने एवढंच सांगितलं: सुलीच्या आधी तिला एक मुलगा होता. सात वर्षांचा. "घर आरशासारखं व्हतं, दादा. सारवलेलं, झाडलेलं. पर वगराळ्याचा दांडा मोडला व्हता. आज आनू, उद्या आनू म्हनत ऱ्हायलो. ज्यो यील त्यो पेला बुडवायचा. एकवीस दिस त्वांड उघडं टाकून पडला व्हता पोरगा."  ओगराळ्याने तिने माझा पेला भरला. त्या मुलाचं नावही मी विचारलं नाही.

आता त्या पिंपाकडे येतो.

आमच्या शेडमध्ये प्यायचं पाणी नव्हतं. भट्टीच्या धगीत दिवसभर उभं राहायचं आणि तहान लागली की अर्धा फर्लांग विहिरीवर जायचं. त्याबद्दल आम्ही भांडलो. मी सात पत्रकं लिहिली. दत्तू फिटर आमचा पुढारी, छाती भरून बोलणारा, मनाचा उमदा. तीन दिवस भट्टी पेटली नाही, तेव्हा मालकाने लष्कराच्या लिलावातलं एक मोठं लोखंडी पिंप आणून शेडच्या दाराशी बसवलं. त्याला पितळी तोटी. विहिरीचं पाणी बैलगाडीवरून येऊन त्यात पडे. आणि त्या एका तोटीखाली सगळ्या जातींच्या ओंजळी लागत. विहिरीवर जे घडत नव्हतं ते इथे घडत होतं. पहिल्या दिवशी ते पाहताना माझे डोळे भरून आले होते. ते पिंप आमचं होतं. आम्ही ते मिळवलं होतं.

दसऱ्याच्या सुमारास अफवा उठली की मालक ते पिंप हलवणार. खंडेनवमीला यंत्रांची, हत्यारांची पूजा होते. त्या दिवशी दत्तूने पिंपाचीही पूजा मांडली. गळ्याला झेंडूची माळ, अंगावर हळदीकुंकू. पिंपाचं झाकण तोंडावरच उलटं ठेवून त्याचं ताट केलं, त्यात तांदूळ, विड्याची पानं आणि मधोमध नारळ. मला पूजाअर्चेत रस नव्हता, पण कल्पना मला सुचली आणि मी ती बोलून दाखवली: "दत्तू, ही पूजा मोडू नका. पुढच्या खंडेनवमीपर्यंत राहू दे. पुजलेल्या पिंपाला हात लावायची मालकाची छाती नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दत्तूने मला मिठी मारली. "राव, डोकं हाय तुमचं!"

पूजा तशीच राहिली. उलट्या झाकणाने पिंपाचं तोंड पुरतं मिटत नव्हतं. पाणी भरणारा गडी नारळ हलणार नाही अशा बेताने झाकण जरा सरकवी आणि फटीतून पाणी ओती. माळ सुकली, पाकळ्या आत गळू लागल्या. तांदूळ ओघळले. दिवाळीच्या आधी तोटीची धार बारीक झाली, मग थेंबथेंब, मग बंद. तोटी काढून साफ करायची तर पिंप रिकामं करायला हवं, पिंप रिकामं करायचं तर नारळ उचलायला हवा. नारळ कोण उचलणार? त्यावर लोकांनी सोपा उपाय काढला. झाकण सरकवायचं आणि फटीतून पत्र्याचा पेला आत बुडवायचा. पेला, बोटं, कधी मनगटापर्यंत हात. शेडमागच्या संडासाच्या चरावरून आलेला हातही तोच, आणि चराशी हात धुवायला मातीशिवाय काही नव्हतं.

हात बुडू लागले त्या दिवसापासून हौसाबाईने पिंपाचं पाणी सोडलं. घरून तांब्या आणू लागली. सुलीलाही तोच तांब्या. पण सुली सतरा वर्षांची. मैत्रिणी हसत, "तुमी मायलेकी लई सोवळ्याच्या!" म्हणत. मग आईची पाठ वळली की तीही पिंपावर जाई.

एका दुपारी हौसाबाई टेबलाशी आली. पदर तोंडाशी धरलेला.

"दादा, त्या पिपाच्या आत कुनी बघितलंय का?"

"का?"

"भट्टीवरचा किसन दोन दिस आला न्हाई. आज यमुना न्हाई. दोगांस्नी ताप हाय. तुमी सांगा की दत्तूला. तुमचं ऐकंल त्यो. पिप उपसाया पायजे."

आणि मी व्याख्यान दिलं. मी म्हणालो, हौसाबाई, हे पिंप आपण लढून मिळवलं आहे. मालकाला नेमकं हेच हवं आहे, की आपल्यातल्याच कुणी म्हणावं पाणी वाईट आहे. मी म्हणालो, सगळ्यांचे हात एका पाण्याला लागतात हेच तुम्हाला खुपतं आहे, ही विटाळाची भाषा आहे, शेकडो वर्षं हीच भाषा बोलून माणसांना पाण्यापासून हाकललं गेलं आहे. मी मोठ्याने बोललो. आजूबाजूचे थांबून ऐकू लागले.

 तरी ती म्हणाली, "इटाळ न्हाई ओ दादा. घान. इटाळ धुतला तरी जात न्हाई म्हनत्यात लोक. घान धुतली की जाती. म्या समद्यांच्याच हाताचं बोलतीया. माज्या बी."

एवढं साधं, एवढं स्वच्छ वाक्य मी त्याआधी कुठल्या पत्रकात वाचलं नव्हतं. आणि मी मान वळवून पुढच्या माणसाची हजेरी लिहू लागलो.

त्यानंतरचे दिवस आठवले की आजही मी नकळत स्वतःच्या मानेला हात लावून पाहतो. रोज सकाळी मी नाव पुकारायचो आणि उत्तर यायचं नाही. एक, मग तीन, मग सात. रिकाम्या जागी बसायला कुणी तयार होईना. डॉक्टरांनी सांगितलं, मुदतीचा ताप, टायफॉइड. औषध आहे, पण पुण्याहून आणावं लागेल, आणि सगळ्यांना पुरेल इतकं मिळेलच असं नाही. शेडमध्ये बोलणं बंद झालं. बाटल्यांचा आवाज तेवढा राही. तहान लागलेला माणूस पिंपापर्यंत जाई, थबके, इकडे तिकडे पाही, आणि तरीही पेला बुडवी. कारण भट्टीची धग खोटी नव्हती. दत्तू म्हणाला, देवाचा कोप आहे, कुणीतरी पूजा बाटवली. त्यावर लोक पिंपापुढे आणखी एक नारळ ठेवून आले. मी हजेरी लिहीत राहिलो. मला ताप भरतो आहे असं रोज संध्याकाळी वाटे.

किसन गेला. चार दिवसांनी यमुना गेली. ती सुलीच्या शेजारी बसायची.

यमुना गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सुलीचं गुणगुणणं थांबलं. हौसाबाईने तिच्या कपाळाला हात लावला आणि तो कपाळावरच राहिला. मी टेबलावरून पाहत होतो. तिने मुलीला दोन बायकांबरोबर घरी धाडलं आणि स्वतः पिंपाकडे चालू लागली. जेवणाची सुट्टी होती, सगळे दाराशी बसले होते.

आधी ती पिंपासमोर उभी राहून हात जोडून काहीतरी पुटपुटली.  लुगड्याची किनार हलत होती. ती देवभोळी होती. आमच्यापैकी कुणाहीपेक्षा जास्त. मग तिने नारळ उचलला.

दत्तू ताडकन उठला. "मावशे! ठिव त्यो! सगळ्यांचं वाटोळं करतीस का?"

"पाप लागंल त्ये मला लागू दे, दत्तू. तुजं नाव सांगनार न्हाई मी देवाला."

"हात मोडीन!"

"मोड. पर आदी बघ."

तिने झाकण ओढलं. ते खाली पडून वाजलं. कुणी हललं नाही. ती बाजूला सरली आणि दत्तूला वाट करून दिली. दत्तूने आत डोकावलं, तोंडावर हात घेतला आणि भिंतीकडे जाऊन ओकला. मग एकेक जण उठून आत पाहू लागला. मीही पाहिलं. पाण्यावर कुजलेल्या पाकळ्यांचा तवंग, कडेला चिकटलेला हिरवट बुळबुळीत थर, फुगलेले तांदूळ, उंदराच्या लेंड्या. तो वास मी इथे लिहीत नाही.

पिंप दत्तूनेच आडवं केलं. हौसाबाई कमरेपर्यंत आत शिरली आणि सोडा, राख आणि काथ्या घेऊन घासू लागली. आतून तिच्या श्वासाचा आवाज लोखंडात घुमून मोठा होऊन येत होता. दुपारची पाळी सुरू झाली नाही. मुकादमाने शिव्या दिल्या, पण जवळ आला नाही. पिंप पुन्हा उभं राहिलं, गाडीचं पाणी पडलं, झाकण सुलट बसलं, तोटी वाहू लागली. पण पाणी प्यायला कुणी पुढे होईना. तिने एक पेला भरला, अर्धा स्वतः प्यायली, आणि पेला विसळून पुन्हा भरून माझ्यापुढे धरला.

मी देव मानत नव्हतो. कोप मानत नव्हतो. मी एक पाऊल मागे सरलो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नव्हे. "भ्या वाटतंय, दादा? वाटू द्या. भ्या काय वंगाळ न्हाई. भ्या मानसाला धुवाया लावतं."

मी पेला घेतला. निम्मं सांडलं, उरलेलं प्यालो.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने तिला फाटकातून परत पाठवलं. पाळी अडवली, पाणी सांडलं, ही कारणं. आम्ही कुणीही भट्टी विझवली नाही. दत्तू मान खाली घालून आत गेला. तिला परत पाठवल्याचं मी माझ्या हाताने हजेरीत लिहिलं, ओल्या बोळ्यावर पेन्सिल टेकवून.

पुढच्या आठवड्यात मी तिच्या घरी गेलो. दार उघडं होतं आणि कडीला फडकं गुंडाळलेलं, कुणी हात लावू नये म्हणून. उंबऱ्यावर चुना. अंगणात एका चुलीवर सुलीच्या गोधड्या उकळत होत्या. आत सुली पडली होती. तोंड उघडं, ओठांवर काळी खपली. हौसाबाईने मला बाहेरच थांबवलं.

"कितवा दिवस?"

"अकरावा." मग तिने विचारलं, "तुमी पत्रकं लिवता न्हवं? ह्येचं बी लिवा की योक. पिपाचं. दुसऱ्या कारखान्यांत बी पिपं असतील."

"लिहितो," मी म्हणालो.

लिहिलं नाही. आमच्या लढ्याच्या पिंपातून ताप आला हे छापलं तर मालक हसेल, अशी मला भीती वाटली. भीती मलाही होती, फक्त माझ्या भीतीने मला काही धुवायला लावलं नाही.

सुली वाचली. तिचे केस गेले आणि कान गेले. ती पुन्हा गुणगुणली का, मला माहीत नाही. आपला आवाज तिला ऐकू आला नसता. मायलेकी घर सोडून चऱ्होलीकडे गेल्या, एवढं कळलं.

हौसाबाई मला शेवटची दिसली ती पुढच्या उन्हाळ्यात, आळंदीच्या रस्त्यावर. कडुलिंबाखाली एक पाणपोई होती, दोन रांजण, त्यांवर झाकणं आणि ओली फडकी. मी समोरून सायकलवर येत होतो. ती आणि सुली सावलीत थांबल्या होत्या. सुलीच्या डोक्याला घट्ट रुमाल. सुलीने रांजणाकडे हात नेला, तेव्हा आईने तिच्या खांद्याला स्पर्श करून तिला थांबवलं. हाका आता उपयोगाच्या नव्हत्या. मग तिने झाकण उचललं, वाकून बराच वेळ आत पाहिलं. ओगराळं घेतलं, त्याचा दांडा पदराने वरपासून खालपर्यंत पुसला, लेकीला पाणी वाढलं, आणि ओगराळं पुन्हा खुंटीला टांगलं, दांडा वर येईल असं. तिच्यामागून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती पुसलेला दांडा यावा म्हणून. मी सायकलवरून उतरलो नाही. माझ्यात उतरण्याची ताकद नव्हती.

हे तिने सांगितलेलं पत्रक. उशिरा लिहितो आहे.

वाचून झालं की ते बाजूला ठेवा आणि उठा. उद्या नव्हे, आज. तुम्ही जिथे काम करता तिथल्या पिंपाचं झाकण उचला. त्यावर माळ असेल तर माळ काढा, नारळ असेल तर नारळ काढा, कुणी ओरडलं तर त्याला आधी आत पाहायला लावा. पिंप उपसा, आतून घासा, तोटी मोकळी करा. तोटी नसेल तर लांब दांड्याचं एक ओगराळं टांगा. आणि कुणी घाबरट बाई तुमच्या टेबलाशी येऊन विचारू लागली, "दादा, आत कुनी बघितलंय का?", तर तिला व्याख्यान देऊ नका. तिच्याबरोबर चालत जा आणि बघा.